गॅसबत्ती धुवायची रीत

पितळेचे दिवे घासायचे असतील तर

चिंच भिजत घालावी. चुलीतली राख चाळून घ्यावी. राखेत खडा राहिला तर दिव्यावर ओरखडा उठतो, आणि तो ओरखडा बघायला जावा वेळ काढून येतात. आधी चिंच चोळावी, मग राख, मग पाणी. कोरड्या फडक्यानं पुसून दिवे उन्हात पालथे घालावेत. ऊन नसेल, आणि आषाढाच्या शेवटी ते कुठून असणार, तर चुलीच्या उबेला ठेवावेत.

धुरपताबाईला हे कुणी सांगावं लागत नव्हतं. मानवतच्या अलीकडे ओढ्याकाठी जे गाव आहे, तिथं असं बोललं जाई की धुरपताच्या हातून निघालेल्या ताटलीत बघून कुंकू लावावं. दिव्याची आवस म्हणजे तर तिच्या हाताचा सण. त्या दिवशी घरातले झाडून सगळे दिवे खाली उतरायचे. समई, निरांजन, लामणदिवा, गोठ्यातला कंदील, चुलीजवळची चिमणी, इतकंच काय, एका बाजूनं टवका उडालेली पणतीसुद्धा. सगळ्यांना अंघोळ, सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांपुढं कणकेचे उकडलेले गोड दिवे. एकही दिवा पारोसा राहता कामा नये. पारोसा दिवा वर्षभर रुसतो आणि ऐन वेळी फडफडतो.

त्या वर्षी ओळीत एक नवा दिवा होता. बाकीच्यांपेक्षा डोक्यानं उंच, पोटानं गोल, अंगानं इतका चकचकीत की शेजारची समई त्याच्यापुढं मोलकरणीसारखी दिसायला लागली. लिंबाजीनं, म्हणजे धुरपताबाईच्या नवऱ्यानं, परभणीच्या बाजारातून आणलेली गॅसबत्ती.

ही गोष्ट तिला घासायच्या आधी थोडी मागं न्यावी लागते.


पोथी कुणाच्या घरी बसते हे ओळखायचं असेल तर

आरतीचं ताट कुणाच्या हातात आहे ते बघावं.

श्रावण लागला की गावात रोज दिवेलागणीनंतर पोथी वाचली जाई. ज्या घरच्या ओसरीवर पोथी, त्या घरधनिणीच्या हाती आरतीचं ताट. आणि गावाचा कायदा असा, की ताटातलं निरांजन पेटलं की वाचणाऱ्यानं असेल तिथं थांबायचं. राक्षसानं गदा उचललेली असो की राणीनं विहिरीच्या पायरीवर पाऊल ठेवलेलं असो. गदा दुसऱ्या दिवसापर्यंत वरच. दुसरा कायदा असा, की आरती होईस्तोवर ऐकणाऱ्यानं उठायचं नाही.

किती तरी श्रावण पोथी बन्सीधरच्या ओसरीवर बसत आली होती. बन्सीधर हा लिंबाजीचा थोरला चुलतभाऊ, घर गल्लीच्या पलीकडं, दारासमोर दार. त्याची बायको कमलबाई. कमलबाई मोठी भाविक बाई होती, फक्त तिला झोप लवकर येई. पहिली जांभई आली की ती काडी ओढी. कमलबाईला जांभई आली की देव थांबत.

धुरपताबाईला ती बसवायची मास्तरांच्या पाठीमागं, कणगीला टेकून. "तुला तिथं बरं पडतंय, धुरपता," ती म्हणायची. "लवकर उठून जाता येतंय." पण कायद्यानं उठता तर येत नसे, आणि ऐकायलाही धड येत नसे. दुसऱ्या दिवशी धारा काढून ती पोहोचेपर्यंत गदा खाली पडून गेलेली असायची. कुणावर पडली, हे विचारलं की बायका म्हणायच्या, "झालं की गं ते, आता पुढं ऐक." त्यामुळं धुरपताबाईच्या डोक्यात इतक्या वर्षांची सगळी माणसं अर्धवट उभी होती. राजे घोड्यावर चढत होते ते चढतच होते. ऋषींनी शाप द्यायला कमंडलूत हात घातला होता तो तिथंच भिजत होता.

तिला एकच पाहिजे होतं. एक श्रावण. ताट आपल्या हातात, आणि एक अध्याय पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.


नवऱ्याच्या मनात एखादी गोष्ट घालायची असेल तर

ती त्याला सांगू नये. मीठ जसं पिठात घालतात तशी घालावी. दिसू नये आणि भाकरीला चव यावी.

"मास्तरांचे डोळे गेले म्हणं," ती कापूस वेचताना म्हणाली.

"थोरल्या घरच्या कंदिलाला काच हाय का कोळसा, कळंना झालंय," ती संक्रांतीला म्हणाली.

"पाथरीच्या लग्नात म्हणं एकच दिवा होता आणि सुई हुडकावी असा उजेड," ती शिमग्याला म्हणाली.

पाडव्याच्या सुमाराला लिंबाजी ओसरीवर बसून सुपारी कातरत असताना एकाएकी म्हणाला, "मला एक सुचायलंय."

"काय?" ती म्हणाली. आणि ते ऐकून तिनं एवढं नवल केलं, की लिंबाजीला स्वतःच्या डोक्याचं कौतुक वाटलं.

दुकानदारानं गॅसबत्ती दाखवताना लिंबाजीला निक्षून सांगितलं होतं, "जाली को हात नक्को लगाव, पाटील. बिलकुल नक्को." लिंबाजीनं गावात आणून बत्ती एकदा लावून दाखवली. सगळं गाव डोळ्यावर हात धरून उभं राहिलं. माधवराव मास्तर पुढं होते. ते दिवसा सरकारी शाळेत पोरांना उर्दूचं अलिफ-बे शिकवत आणि संध्याकाळी पोथी वाचत, आणि दोन्हीकडं चष्मा पुसत. त्यांनी तिथंच सांगून टाकलं, "यंदा पोथी इथं. उजेडात वाचू."

कमलबाईनं पदर सारखा केला आणि ती घराकडं वळली. बन्सीधरनं मात्र बत्तीकडं बघत लिंबाजीच्या पाठीवर थाप मारली. ती थाप जरा जोरात होती.

आवसेच्या सकाळी लिंबाजी प्रसादाचा गूळ आणि शेंगदाणे आणायला मानवतला गेला. दुसऱ्या दिवशी, पोथीच्या वेळेला परत येणार होता. गाडी जुंपताना त्यानं बायकोला सांगितलं, "हे बघ, त्या जाळीला हात लावू नको."

"मी कशाला लावायले?"


गॅसबत्ती धुवायची असेल तर

धुऊ नये.

पण ही ओळ तिला कुणी लिहून दिली नव्हती, आणि दिली असती तरी तिला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी आवस होती.

तिनं टोपण काढलं. काच काढली, राखेनं पुसली, उजेडाकडं धरून बघितली, पुन्हा पुसली. टाकीला चिंच लावली. मग आत बघितलं. नळीच्या टोकाला एक पांढरं बोंड लोंबत होतं. जवळून बघितलं तर ती राख. नुसती राख, जाळीच्या आकारात थिजलेली.

एकदा दिवा लावला तर एवढी काजळी, आणि नवऱ्यानं ती तशीच ठेवली. धुरपताबाईला लाज वाटली. उद्या सगळं गाव इथं बसणार, कमलबाई मान वर करून बघणार, आणि म्हणणार, धुरपताच्या घरचा दिवा पारोसा.

जाळीला हात लावू नको, असं लिंबाजी म्हणाला होता, हे तिला नीट आठवत होतं. तिनं हात लावला नाही. ओलं फडकं लावलं.

फू केलं तरी उडावं असं ते होतं. एका पुसण्यात नळी लख्ख. धुरपताबाई मागं सरून समाधानानं बघत राहिली. मग बत्तीला हळदकुंकू लावलं आणि एक गोड दिवा जास्तीचा ठेवला, नवी म्हणून.


शेजारीण आली तर

तिला आधी बसायला पाट द्यावा. उभी राहिली तर ती जास्त बघते.

कडूबाई उभीच राहिली. ती धुरपताबाईपेक्षा वयानं मोठी, भिंतीला भिंत लावून राहणारी, आणि जिभेनं सगळ्या गल्लीची सासू.

"ही कोण गं बसलीया ओळीत नवरीवाणी?"

"गॅसबत्ती. बघ कशी घासलीया."

कडूबाई वाकली. काचेतून बघितलं. मग काचेच्या पलीकडून बघितलं.

"हिच्या पोटातलं अंडं कुठंय?"

"कसलं अंडं?"

"पांढरं. माझ्या भावाच्या लग्नात परभणीला अशीच होती. मधी अंड्यावाणी लोंबत असतंय. तेच पेटतंय बाई. बाकीचं समदं भांडं हाय."

धुरपताबाईनं हातातल्या फडक्याकडं बघितलं. फडक्यावर पांढरा डाग होता.

"म्हंजी मी पुसलं ते काय होतं?"

"उजेड," कडूबाई म्हणाली. "उजेड पुसलास तू."

 कणकेच्या दिव्यांचा वास येत होता. गल्लीपलीकडं कमलबाई आपला कंदील घासत होती. तिच्या घासण्याचा आवाज त्या दिवशी धुरपताबाईला हसल्यासारखा वाटला.

"पोथी गेली," ती म्हणाली.

"अशी कशी जाती? दुकानदार एक जाळी जादाची देत असतोय. बारकी पिशवी असती कापडाची, तोंडाला दोरी. ती बांधायची आन काडी लावायची, की झालं अंडं. तुला दिली न्हाई?"

"पिशवी?"

"एवढीशी. विणकाम लय बारीक."

धुरपताबाईची मान हळूहळू देवघराकडं वळली. तिच्यामागं कडूबाईचीही.

देवघरात बाळकृष्ण रांगत होता. एका हातात लोण्याचा गोळा, कपाळावर चंदन, आणि डोक्यावर विलायती विणीचं, दोरीवालं, पांढरं टोपडं.


देवाकडून काही परत घ्यायचं असेल तर

"ते खोक्यात होतं," धुरपताबाई म्हणाली. "मला वाटलं दुकानदारानं देवाला दिलंय. एवढ्याशा डोक्याला दुसरं काय असंल?"

"काढ."

"देवाच्या डोक्यावरचं?"

"मंग काय नवऱ्याच्या डोक्यावरचं काढतीस?"

धुरपताबाईनं पदर सावरला, देवघरापुढं बसली, आणि बाळकृष्णाशी सरळ बोलली, कारण वाकडं बोलून त्याच्यापुढं कुणाचं चाललेलं तिनं ऐकलं नव्हतं.

"हे बघ देवा. लोण्यापायी तू काय काय केलंस ते म्या अर्धं ऐकलंय. अर्धं राहिलंय. ते ऐकायचं असंल तर हे टोपडं मला लागतंय. तुला दुसरं शिवते, मखमलीचं, गोंडा लावून. तुझी काय तक्रार असंल तर आत्ताच सांग, उद्या भर पोथीत सांगू नको."

देव लोणी धरून रांगत राहिला.

"कबूल हाय," कडूबाई म्हणाली.

टोपडं निघालं. त्याला चंदन लागलं होतं, थोडं तूपही. आणि शेंड्याला भोक होतं. मोरपीस खोवायला धुरपताबाईनंच काडीनं पाडलेलं.

कडूबाईनं सुईदोरा काढला. धुरपताबाईनं तिचा हात धरला. "थांब. ही पिशवी जाळायची हाय ना? मंग टाका बी जळणार. भोक परत उघडं." तिनं विचार केला. मग पिशवीच्या तोंडाला जी लांब दोरी होती, तिचं टोक जरासं चुलीतल्या निखाऱ्याला धरलं. दोरी लाल झाली. बाहेर काढली, पुन्हा पांढरी. जळली नाही.

"ही काय भानगड हाय," कडूबाई म्हणाली.

"काय बी असू दे. आपल्या कामाची हाय."

दोरीचा जादा तुकडा कातरून तिनं भोकाच्या खालून शेंडा आवळला, जसा फाटक्या पोत्याचा कोपरा बांधतात. टोपडं बोटभर आखूड झालं. मग ते नळीला बांधलं, चुण्या सारख्या केल्या, आणि काडी लावली.

भसकन जाळ झाला. चंदनाचा वास सुटला, मागून तुपाचा. जाळी काळी पडली, आक्रसली, वाटलं आता गळते. मग कडेकडेनं पांढरी होत गेली आणि नळीला लोंबत राहिली, राखेचं एक ओबडधोबड बोंड.

दोघींनी श्वास धरला होता. खरोखरच धरला होता, कारण श्वासानंही ती उडेल असं वाटत होतं. कडूबाईचं नाक फुरफुरायला लागलं. तिनं दोन्ही हातांनी नाक दाबलं, तशीच पाठीपाठीनं सरकत दारातून बाहेर पडली, अंगण ओलांडलं, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथं शिंकली. चावडीवरचं कुत्रं उठून उभं राहिलं.


बत्ती पेटवायची असेल तर

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस येऊन गेला आणि दिवस कलताना उघडलं. लिंबाजी वेळेत आला.

"चकचकीत केलीस की गं."

"आवस होती की."

"जाळीला हात?"

"देवाशपथ, हात न्हाई लावला." आणि हे अक्षर न् अक्षर खरं होतं, बांधताना तिनं बोटांना फडकं गुंडाळलं होतं.

ओसरी भरली. पोथीला पाट, पाटाला रांगोळी, मास्तरांना घोंगडी. आरतीचं ताट धुरपताबाईच्या मांडीवर, काडेपेटी गुडघ्याखाली. ती मास्तरांच्या समोर बसली होती, अगदी पुढं. कमलबाई आली ती कंदील घेऊन. "असू द्यावा म्हणलं जवळ," ती म्हणाली. "मशिनीचा काय भरवसा असतोय, धुरपता."

"खरंय, जाऊबाई. ठेवा तिकडं चपलांजवळ."

लिंबाजीनं वाटीत इस्पिरिट ओतलं, काडी लावली, बाह्या सारल्या आणि हवा मारायला लागला. धुरपताबाई बत्तीकडं बघत नव्हती. ती ताटातल्या फुलवातीकडं बघत होती. फुसफुस झाली. निळं काही तरी उठलं. मग एकदम, डोळ्यावर कुणी पांढरं धोतर झटकावं तसा उजेड पडला.

उजेड असा पडला, की कुणाच्या बंडीला कुठं ठिगळ आहे ते कळलं आणि माणसं मांड्या बदलून बसली.

"वास कशाचा?" मास्तरांनी नाक वर केलं.

"विलायती तेल हाय, मास्तर," लिंबाजी म्हणाला.

"चंदन वाटायलंय," कमलबाई म्हणाली.

"तुमाला कंदिलाच्या धुराची सवय," कडूबाई म्हणाली. "म्हणून नवल."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि पोथी सुरू झाली. धुरपताबाईनं पहिलं अक्षर ऐकलं. दुसरंही ऐकलं. एक राजा होता, त्याला दोन राण्या होत्या, आणि थोरलीला मूल नव्हतं. इतकं सगळं एका दमात तिला कधीच कळलं नव्हतं.


पावसाळ्यात दिवा लावायचा असेल तर

ओढ्याकाठच्या वारुळात वाळवीला त्याच दुपारी पंख फुटले होते.

पहिलं पाखरू बत्तीच्या काचेवर टक्कन आपटलं. मग चार. मग मोजणाऱ्यानं मोजणं सोडून द्यावं एवढी. ओढ्याकडून, गोठ्यांकडून, थेट शिवारातून, पंख असलेला जो जो जीव जागा होता तो तो लिंबाजीच्या ओसरीवर पोथीला आला. पाखरं मास्तरांच्या पागोट्यात शिरली, बायकांच्या पदरात शिरली, पोथीच्या पानावर पंख टाकून चालायला लागली.

"राजा प्रधानाला म्हणाला," मास्तर म्हणाले, आणि थुंकले.

"काय म्हणाला?" धुरपताबाईनं विचारलं.

"तोंडात गेलं."

बन्सीधरनं धोतर झटकलं. "बास झालं. चला आमच्याकडं. साधा कंदील हाय आपला, त्याला पाखरू येत न्हाई आन कुणाचं तोंड बी भरत न्हाई."

माणसं चुळबुळली, पण उठली नाहीत. आरती झाली नव्हती.

"लाव की निरांजन, धुरपता," कमलबाई गोड आवाजात म्हणाली. "आरती करून टाक. मंग समदे मोकळे. पुढची पोथी आमच्या घरी."

सगळे धुरपताबाईकडं बघायला लागले. लिंबाजी बत्तीकडं बघत होता, जावयानं लग्नात तमाशा केल्यावर सासरा बघतो तसं.

आता, पाखरं उजेडाला येतात हे धुरपताबाईला चांगलं माहीत होतं. पावसाळ्यात स्वयंपाक करताना ती कंदील नेहमी लांब अंगणात टांगायची आणि आत बारक्या चिमणीवर भाकऱ्या थापायची. पाखरू मोठ्या उजेडाला जातं, बारक्याकडं बघत नाही. म्हणजे बत्ती इथून उचलून लांब टांगली की झालं. अंगणात टांगता आली असती. पण आपलं अंगण फारच जवळ होतं. आणि गल्लीपलीकडं एक अंगण होतं.

थोरल्या दिराशी तोंडाला तोंड देऊन बोलायची रीत नव्हती. म्हणून अशा वेळी बायका खांबाशी बोलत. बोलणं खांबाशी, ऐकणं दिराचं. धुरपताबाईनं पदर पुढं ओढला आणि खांबाकडं तोंड केलं.

"मी तर कवाचं म्हणायले," ती खांबाला म्हणाली, "ही बत्ती थोरल्या घरी शोभती. त्यांच्या दारात लिंब हाय. लिंबाच्या फांदीला टांगली तर उजेड पार चावडीवर जाईल. येणारा-जाणारा इचारंल, हा वाडा कुणाचा."

बन्सीधरनं धोतर झटकायचं थांबवलं.

"पण जाऊ द्या," ती खांबाला म्हणाली. "हवा मारत ऱ्हावं लागतंय. मनगट लागतंय त्याला. थोरल्या घरी आता तेवढं मनगट कुठलं ऱ्हायलंय. उगं कुणाला तरास नको."

"कोण म्हणतंय?" बन्सीधर उठला.

"कुणीच न्हाई," कडूबाई म्हणाली. "खांबाशी बोलायली ती."

"लिंबा, काढ ती बत्ती."

"दादा, हिसका बसला की जाळी गळंल," लिंबाजी म्हणाला.

"मला शिकवतोस? तुला खांद्यावर बसवून बाजार दाखवलाय म्या. काढ."

"आरतीच्या आधी उठू न्हाई म्हणत्यात," कमलबाई नवऱ्याला हळूच म्हणाली.

"उजेड घेऊन जाण्याला उठणं म्हणत न्हाईत, जाऊबाई," धुरपताबाई म्हणाली.

बन्सीधरनं बत्ती हातभर लांब धरून उचलली आणि पायऱ्या उतरला. आणि मग गावानं जे बघितलं ते पुढं किती तरी दिवस विहिरीवर सांगितलं गेलं. बत्ती पुढं, तिच्यामागं पाखरांची वरात. वर, खाली, बाजूला, सगळा ढग गल्ली ओलांडून बन्सीधरच्या दारात गेला, बत्ती फांदीला टांगली तशी झाडाभोवती दाटला, आणि तिथून उघड्या दारातून घरात वळला.

"बाई गं, चुलीवर दूध उघडं हाय," कमलबाई म्हणाली, आणि तीही उठली. हे मात्र उठणंच होतं, पण कुणी बोललं नाही.


अंधारात वाचायचं असेल तर

ओसरीवर समई राहिली. समईला एक पाखरू आलं, आणि तेही चुकून.

मास्तरांनी पोथी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, आणि खाली ठेवली. "मला दिसत नाही. या उजेडात काही व्हायचं नाही. उद्या बघू."

"मास्तर," धुरपताबाई म्हणाली, "इतकी सालं मी तुमच्या मागं बसत होते."

"बरं?"

"मागनं पोथी लय चांगली दिसती."

मास्तरांनी तिच्याकडं बघितलं.

"तुमी घंटा घंटा वाचायचाव," ती म्हणाली, "आन पान काय उलटायचं न्हाई. मला वाटायचं, लय मोठं पान हाय."

कुणी तरी खोकलं. कडूबाईनं तोंडाला पदर लावला.

मास्तरांनी चष्मा काढला, नीट घडी घातली, डबीत ठेवला. डबी खिशात ठेवली. "राजा प्रधानाला म्हणाला," त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली, आणि आता आवाज असा मोकळा लागला, की दाराजवळची माणसं पुढं सरकली.

राजा अरण्यात गेला. धाकट्या राणीनं कपट केलं. थोरली राणी नदीकाठी आली. पलीकडून बत्तीचा सूं सूं आवाज येत होता, मध्येच मंद व्हायचा, मग बन्सीधरचा पंप खडखडायचा आणि पुन्हा सूं सूं. कमलबाई केरसुणीनं काही तरी झोडपत होती. लिंबाजी खांबाला टेकून आपल्या बत्तीचा उजेड लांबून बघत होता. लांबून ती जास्तच मोठी दिसत होती.

जिथं दरवर्षी जांभई यायची, ती जागा आली. थोरल्या राणीला नदीत काही तरी वाहत येताना दिसलं. मास्तर सवयीनं थांबले. सवयीनं सगळ्यांनी ताटाकडं बघितलं.

धुरपताबाईनं काडेपेटीवरचा गुडघा हलवला नाही.

"पेटी होती का त्यात?" तिनं विचारलं.

"होती," मास्तर म्हणाले, आणि जरा सावरून बसले. "पेटी होती."

पेटीत मूल होतं. मूल वाढलं. धाकटीचं कपट उघडं पडलं. एका म्हाताऱ्यानं बसल्या बसल्या पाय लांब केले, दुसऱ्यानं त्याच्यावर डोकं टेकलं. उठायचं कुणाला नव्हतं, आणि ज्यांना होतं त्यांना कायदा होता.

"अगं," लिंबाजी कुजबुजला, "लोकांला सकाळी रानात जायचंय."

"रान कुठं पळून जायलंय?"

राजानं थोरलीला सिंहासनावर बसवलं. मुलानं धनुष्य उचललं आणि ते खालीही ठेवलं. धुरपताबाईनं ते खाली ठेवताना ऐकलं. आशीर्वाद देऊन झाले. अध्यायाचं नाव घेऊन झालं. शेवटचं अक्षर आलं आणि ते पूर्ण झालं.

मास्तरांनी पोथीवर फडकं ओढलं. घसा खाकरला. ताटाकडं बघितलं. त्यांच्याबरोबर सगळ्या ओसरीनं ताटाकडं बघितलं. फुलवात तुपात भिजून तयार होती.

धुरपताबाईनं ताट मांडीवर जरा नीट ठेवलं.

"पुढचा अध्याय केवढाय, मास्तर?"

"मोठा आहे, बाई. याच्याहून मोठा."

"मंग सुरू करा," ती म्हणाली. "उगं उशीर व्हायला नको."